“मी गाडा ढकली देस”: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या लढाईत ऐनवेळी सुचलेल्या कृती नियमात कशा बसवायच्या

लढाईची तिसरी फेरी. उतारावर कापसाने भरलेला गाडा, खाली वाट अडवून उभा असलेला ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. खेळाडू तलवार उपसायची सोडून म्हणतो, “मी गाडा ढकली देस.” फासे टाकून, पात्रं रंगवून खेळायच्या या खेळाच्या नियमपुस्तकात ‘गाडा ढकलणे’ नावाची कृती नाही. आता अर्ध्या मिनिटात डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडा देणारा) जे बोलेल, त्यावर हा खेळाडू पुन्हा कधी असं काही करून बघेल की नाही ते ठरणार आहे.

बहुतेक नवे डीएम इथे एकच चूक करतात, आणि ती चांगल्या हेतूने करतात. “आधी ॲथलेटिक्स टाक, १५ लागतील. जमलं तर मग ओगर सेव्ह टाकेल.” (ॲथलेटिक्स हा ताकदीच्या कामाचा फासा, सेव्ह हा बचावाचा.) ऐकायला रास्त वाटतं: गाडा जड आहे, ढकलायला ताकद लागते, ओगर बाजूला उडी मारू शकतो. पण फासे वाढले की कृती मरते. म्हणून पायऱ्यांच्या आधी हिशेब.

इथले आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या नियमांत काही ठिकाणी फरक आहे; त्यातला धक्का आणि पकडीचा तेवढा पुढे सांगितला आहे. पुस्तकं नसली तरी अडत नाही. या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो.

गाड्याचा हिशेब

तिसऱ्या पातळीचा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, घ्या. ताकदीचा +३, प्रोफिशियन्सीचा (कसबाचा) +२, म्हणजे हल्ल्यालाही +५ आणि ॲथलेटिक्सलाही +५. ओगरचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११, एचपी (जीवाचे गुण) ५९, डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) −१.

साधा तलवारीचा वार: डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ६ किंवा जास्त आलं की लागला, म्हणजे ७५ टक्के. नुकसान १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा, अधिक ३), सरासरी ७.५. एका पाळीची सरासरी कमाई ५.६ (क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावर मिळणारे नुकसानाचे जादा फासे, बाजूला ठेवून).

आता गाडा, एकाच फाशावर. फायटर चाकाखालचा दगड काढून गाडा लोटतो, फासा फक्त ओगरचा: डेक्स्टेरिटी सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १३. नापास झाला तर २डी१०, पास झाला तर निम्मं. ओगरला १४ किंवा वर लागतात, म्हणजे ६५ टक्के वेळा तो नापास. सरासरी कमाई साधारण ९. तलवारीच्या दीडपटीहून थोडी जास्त. गाडा एकदाच सुटणार आहे, त्यामुळे ही बढती रास्त आहे.

याच गाड्याला आधी ॲथलेटिक्स डीसी १५ लावा. +५ वाल्याला १० लागतात, शक्यता ५५ टक्के. ९ चे झाले ४.९. तलवारीपेक्षा कमी! डोकं चालवणाऱ्याला डोकं न चालवणाऱ्यापेक्षा कमी मिळालं. त्यात “गाडा सरळ जातो का” हा तिसरा फासा घातला की हातात उरतं ते निव्वळ वर्णन. खेळाडू हे गणित कागदावर मांडत नाही, पण दोन-तीन वेळा आपटला की त्याच्या लक्षात येतं, आणि मग दर पाळीला “मी मारतो” एवढंच ऐकू येतं.

ताकदवान पात्राला त्याच्या ताकदीचा फायदा मिळायला हवा ही मूळ शंका मात्र खरी आहे. त्यासाठी वेगळा फासा नको. सेव्हची डीसीच पात्रावरून काढा: ८ + पात्राचा त्या कामाचा बोनस. ॲथलेटिक्स +५ म्हणजे डीसी १३. त्याच गाड्याला −१ वाल्या विझार्डने, म्हणजे जादूगाराने, हात घातला तर डीसी ७. ताकदही मोजली गेली आणि फासाही एकच राहिला. २०२४ च्या नियमांत धक्का आणि पकड यांना हेच सूत्र लावलं आहे: समोरच्याने ताकदीचा किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह टाकायचा, डीसी ८ + ताकद + प्रोफिशियन्सी. २०१४ मध्ये तिथे दोघांचे फासे समोरासमोर पडत.

पायरी पहिली: दोन गोष्टी विचारा

काय साधायचंय, आणि कशाने? “मी त्याच्यावर उडी मारतो” यातून काहीच ठरत नाही. त्याला पाडायचंय, त्याच्या हातातली मशाल हिसकायचीय, की नुसतं पलीकडे जायचंय? तिन्हींचे नियम वेगळे आहेत. खेळाडू अहिराणीत बोलो की प्रमाण मराठीत, त्याला पुस्तकी शब्द वापरायला लावू नका. ते भाषांतर डीएमचं काम. फक्त हेतू आणि साधन दोन्ही त्याच्या तोंडून निघेपर्यंत फासा हातात घेऊ देऊ नका. फासा आधी पडला आणि हेतू नंतर कळला की भांडण ठरलेलं.

पायरी दुसरी: नियम आधीच आहे का?

ऐनवेळची वाटणारी निम्मी कामं पुस्तकात असतातच. ढकलून पाडणं किंवा पाच फूट मागे सारणं म्हणजे शव्ह. आपल्यापेक्षा एकाच आकाराने मोठा असेल तोवर चालतो, म्हणजे माणूस ओगरला ढकलू शकतो. धरून ठेवणं म्हणजे ग्रॅपल. ज्याला एका पाळीत दोन वार आहेत, तो त्यातला एक वार खर्चून हे करू शकतो. हातातलं शस्त्र पाडणं डीएमच्या २०१४ च्या पुस्तकात ऐच्छिक नियम म्हणून आहे: हल्ल्याचा फासा विरुद्ध समोरच्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स (कसरतीचा फासा), त्याने शस्त्र दोन हातांनी धरलं असेल तर हल्लेखोराला डिसॲडव्हान्टेज (दोन डी२० टाकून कमी आलेला धरायचा). तेलाची कुपी २० फुटांपर्यंत फेकता येते. तेल वाळायला एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात भिजलेल्याला आगीचं नुकसान झालं तर वर ५ आणखी.

हाताला लागेल ते शस्त्र म्हणून उगारलं तर नुकसान १डी४, फेकल्यास पल्ला २०/६० फूट (साधा/कमाल), आणि प्रोफिशियन्सीचा बोनस नाही. पण ती वस्तू खऱ्या शस्त्रासारखी असेल तर त्याच शस्त्राचे आकडे लावायचे. कुऱ्हाडीचा दांडा म्हणजे क्लब. गोफण तर आयती स्लिंग आहे: १डी४, पल्ला ३०/१२० फूट. ज्वारीवरची पाखरं हाकणाऱ्याच्या हातातली गोफण ‘ऐनवेळचं शस्त्र’ धरून तिचा बोनस काढून घेणारा डीएम नियमानेही चुकतो.

पायरी तिसरी: पाळीतला कुठला भाग खर्च होणार?

बहुतेक वेळा ॲक्शन, म्हणजे पाळीतलं एक मुख्य काम. दगड काढणं, दार ढकलणं, सांडलेली मशाल उचलणं अशी एक साधी हाताळणी हालचालीसोबत फुकट मिळते, दुसरीला ॲक्शन लागते. बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतलं जादा छोटं काम, उदारपणे वाटू नका. ती ज्यांना मिळते त्यांना ती त्यांच्या वर्गाने मोलाने दिलेली असते. आणि “इनिशिएटिव्ह टाकायच्या आधीच मी फेकून मारतो” याला नाही म्हणा. फेकायचा हेतू जाहीर झाला तिथे इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा.

पायरी चौथी: एक फासा, आणि तो कोणाचा

समोरच्याला चुकवायला वाव असेल (गाडा, कोसळणारी फळी, डोळ्यात फेकलेली पूड) तर समोरचा सेव्ह टाकतो. वस्तू हलायला तयार नसेल (अडकलेलं दार, चढायची ओली भिंत) तर पात्र चेक (काम जमतं का ते ठरवणारा फासा) टाकतं. नेम धरायचा असेल तर हल्ल्याचा फासा. दोन लागू वाटले तर ज्याच्या नापास होण्यातून जास्त गंमतीचं काही घडेल तो ठेवा आणि दुसरा सोडून द्या.

चेकसाठी डीसी १० किंवा १५. बस. तक्त्यात ५ पासून ३० पर्यंत सगळं आहे, पण लढाईत एक अख्खी पाळी पणाला लागलेली असताना २० म्हणजे सभ्य शब्दांत दिलेला नकार. +५ वाल्यालाही त्यावर ३० टक्केच मिळतात. नकार द्यायचा असेल तर सरळ द्या, त्याची पाळी वाचते. एक गोष्ट टेबलावर आधीच सांगून ठेवा: २०१४ च्या नियमांत नैसर्गिक २० म्हणजे आपोआप यश हे फक्त हल्ल्याच्या फाशाला लागू आहे, चेकला नाही.

पायरी पाचवी: फळ किती?

डीएमचा हात कापतो तो इथे. दोन रेघा आखून घेतल्या की सोपं जातं.

खालची रेघ म्हणजे हेल्प. पाच फुटांतल्या शत्रूविरुद्ध साथीदाराच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन डी२० टाकून जास्त आलेला धरायचा), आणि त्याला फासा टाकावाच लागत नाही. तुम्ही फासा मागून फक्त ॲडव्हान्टेजच देत असाल, तर फुकट मिळणारी गोष्ट तुम्ही विकत देताय.

वरची रेघ म्हणजे पहिल्या पातळीचं स्पेल, म्हणजे मंत्र. बर्निंग हँड्स ३डी६ देतं, सरासरी १०.५, सेव्ह झाला तर निम्मं, पंधरा फुटांच्या कोनात. गाड्याचं २डी१०, सरासरी ११, याच्या जवळ बसतं. एकदाच वापरता येणाऱ्या, जागेला चिकटलेल्या वस्तूला इथपर्यंत, क्वचित थोडं वर जाऊ द्या. रोज कमरेला बांधून नेता येईल अशा युक्तीला खालच्या रेघेजवळ ठेवा.

नुकसानाचे आकडे मनाने ठरवू नका, डीएमच्या पुस्तकातला तक्ता पाठ करा. पातळी १ ते ४: धक्का १डी१०, धोका २डी१०, जीवघेणं ४डी१०. पातळी ५ ते १०: २डी१०, ४डी१०, १०डी१०. पहिल्या पातळीच्या पात्रांसमोर २डी१० चा गाडा ठेवला तर तोच गाडा शत्रूनेही सोडला पाहिजे, आणि सरासरी ११ मध्ये पहिल्या पातळीचा विझार्ड खाली पडतो. त्या पातळीला १डी१०.

नुकसानापेक्षा स्थिती देणं पुष्कळदा चांगलं. आडवा पडलेला शत्रू पाच फुटांतल्या सगळ्यांना ॲडव्हान्टेज देतो, पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज. हे विसरून तिरंदाजाने साथीदाराला “पाड त्याला” म्हणू नये.

मिरचीची पुडी

मराठी टेबलावर हा प्रश्न येणारच: “मी त्याच्या डोळ्यात तिखट फेकतो.” याला वेगळी जागा दिली कारण सगळ्या गोंधळाचं मूळ यात एकत्र सापडतं.

पहिल्यांदा सगळ्यांना आवडतं. डीएम खुशीत म्हणतो, “आंधळा झाला, एक मिनिट.” पुढच्या रविवारी पाचही पात्रांच्या यादीत ‘तिखट, पाच शेर’. एक मिनिट आंधळं करणारं स्पेल दुसऱ्या पातळीचं आहे, आणि त्यातही दर पाळीच्या शेवटी सेव्ह मिळतो. स्वयंपाकघरातल्या डब्याने त्याला मागे टाकलं तर ते स्पेल घेतलेल्या खेळाडूवर अन्याय होतो.

नकार देऊ नका, कारण तिखट खरंच डोळ्यात जातं. असं बसवा: ॲक्शन, अंतर ५ फूट, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह डीसी १२. नापास झाला तर फेकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत आंधळा. एवढ्यात साथीदारांच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज मिळतं आणि त्याच्या पाळीला डिसॲडव्हान्टेज. एका पुडीत एकच मूठ. त्याच लढाईत दुसऱ्यांदा फेकली तर पाहिलेले शत्रू डोळे मिटतात, सेव्हला ॲडव्हान्टेज. सांगाडे, चिखलाचे गोळे, डोळेच नसलेले जीव यांना काही होत नाही. आणि त्या इलाख्यातले गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, हेही दोन-तीन चकमकींनंतर पुड्या बाळगू लागतात.

तुमचं जग फारुकी सुलतानांच्या खानदेशावर बेतलेलं असेल, तर आणखी एक. ती राजवट १३८२ ते १६०१ ची. मिरची हिंदुस्थानात पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तापीकाठचं सुरुवातीच्या काळातलं थाळनेर खेळत असाल तर चुलीतली राख किंवा मिऱ्याची पूड घ्या. असीरगडाचा शेवटचा वेढा असेल तर तिखट चालेल. आकडे तेच.

रणांगण आधी मांडा, म्हणजे ऐनवेळी सुचतं

रिकाम्या चौकोनी खोलीत कोणालाच काही सुचत नाही. नकाशावर हलू, जळू, पडू शकतील अशा चार-पाच वस्तू ठेवा आणि त्यांचे आकडे आधीच कागदावर लिहा. चौकटीच्या वहीचं पान, बाटलीची झाकणं, बुद्धिबळाच्या सोंगट्या, एवढं सामान पुरतं.

खानदेशी माणसासाठी केळीची बाग हे उत्तम रणांगण आहे, आणि त्याला एक सोयीचं कारण आहे. जळगाव भागात केळीची लागवड पुष्कळ ठिकाणी दीड मीटर बाय दीड मीटरवर असते, म्हणजे जवळपास पाच फूट. खेळाच्या नकाशाचा चौकोनही पाच फुटांचा. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एक खोड काढा, बाग तयार! खोडाआड उभा राहणाऱ्याला अर्धा आडोसा, एसी +२. पण ते लाकूड नाही, पाण्याने भरलेले पापुद्रे आहेत. कुऱ्हाडीच्या एका घावात आडवं होतं आणि पेटत नाही. आग लावून बाग पेटवणाऱ्याला हे फासा टाकण्याआधी सांगा, नंतर नाही.

बागेच्या कडेला विहीर. ठिबकच्या नळ्या काढून टाका, मोट ठेवा. पडण्याचं नुकसान दर १० फुटांना १डी६, चाळीस फूट खोल विहिरीत ४डी६. खाली पाणी असेल तर पुरवणी नियमानुसार रिॲक्शन (आपली पाळी नसतानाही करता येणारी एक झटपट कृती) खर्चून डीसी १५ चं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स जमलं की नुकसान निम्मं. काठावरच्याला शव्ह केलं की पाच फूट मागे म्हणजे थेट आत. इथे वेगळा नियम लागतच नाही. मोटेच्या नाड्याला लोंबकळून पलीकडे जायचं असेल तर ॲक्रोबॅटिक्स डीसी १०, आणि हे हालचालीतच धरा.

शेजारच्या ज्वारीत राखणीचा माळा. चार लाकडी खांब, दहा फूट उंच, वर गॉब्लिन तिरंदाज. नवा खेळाडू खांबावर कुऱ्हाड चालवतो: लाकडाचा एसी १५, एचपी १८. चार-पाच पाळ्या जातात. हुशार खेळाडू विचारतो, “माळा बांधलाय कशाने?” दोराचा एसी ११, एचपी २. एक वार, माळा कलंडला, वरच्याला १डी६ आणि आडवा. असा प्रश्न विचारणाऱ्याला त्याचं फळ मिळालंच पाहिजे. “दोर जाड आहे” असं ऐनवेळी म्हणून ते काढून घेणं हा डीएमचा सगळ्यात वाईट गुन्हा. हातानेच तोडायचा असेल तर ताकदीचा चेक डीसी १७.

माळ्याखाली भरितासाठी पेटवलेला पऱ्हाटीचा, म्हणजे वाळलेल्या कापूसकाड्यांचा, जाळ. वांगी भाजण्याइतका मोठा जाळ म्हणजे एक चौकोन; त्यात ढकललेल्याला १डी१०. पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून कोणी नव्या टाकल्या नाहीत तर तिसऱ्या फेरीनंतर नुसते निखारे धरा, १डी४. पण जाळ कापसाच्या ढिगापर्यंत पोचला तर दर फेरीला, इनिशिएटिव्ह २० वर, आग एक चौकोन पुढे सरकवा. हा टेबलाचा घरचा नियम आहे, आधी वाचून दाखवा. कापूस कोणाच्या तरी वर्षाची कमाई आहे, हेही गावकऱ्यांच्या तोंडून कळू द्या. ढीग पेटवणं हा निर्णय मग नुसता आकड्यांचा राहत नाही.

फासा पडायच्या आधी आणि नंतर

फासा टाकण्याआधी तिन्ही गोष्टी मोठ्याने सांगा: लागेल काय, मिळेल काय, बिघडेल काय. “ॲक्शन जाईल. ओगर डीसी १३ वर सेव्ह टाकेल, २डी१०. गाडा खाली जाऊन अडकला की वाट बंद होईल.” त्यावर खेळाडूला माघार घेऊ द्या. उतारावर उभ्या पात्राला गाड्याचं वजन डोळ्यांनी दिसतंय; ते खेळाडूला कळलं तर काही बिघडत नाही.

कृती फसली तरी पटावर काहीतरी हललं पाहिजे. ओगर निम्म्या नुकसानावर सुटला, पण आता गाडा मधे आडवा आहे आणि दोन्हीकडच्यांना आडोसा देतोय. चेक एक-दोनने हुकला असेल तर ‘किंमत मोजून यश’ द्या: दार उघडलं, पण तलवार फटीत अडकली. हाही डीएमच्या पुस्तकातला ऐच्छिक नियम आहे, आणि फार कमी टेबलांवर वापरला जातो.

काही मागण्यांना मात्र नाहीच म्हणायचं. “डोळ्यात बाण मारतो”, “गुडघ्यावर वार करतो”: नेमक्या अवयवाचा वार ही ऐनवेळची कृती नव्हे, तो साध्या हल्ल्याचं वर्णन आहे. एचपी संपले की बाण डोळ्यात लागला असं खुशाल सांगा, त्याआधी नाही. तसंच, वर्णन कितीही रंगवलं तरी त्याच पाळीत जादा वार मिळत नाही. जागेतली एखादी वस्तू किंवा परिस्थिती वापरली असेल तरच नवा निवाडा करायचा.

वाद झाला तर एक मिनिट. त्यात उत्तर सापडलं नाही तर डीएमचा शब्द त्या दिवसापुरता, आणि लढाई संपल्यावर पुस्तक उघडा. प्रत्येक निवाडा एका वहीत एका ओळीत लिहा: तारीख, कृती, फासा, फळ. सात-आठ सत्रांनंतर त्या टेबलाचं स्वतःचं छोटं नियमपुस्तक होतं, आणि “मागच्या वेळी तर तू १० म्हणाला होतास” हे वाक्य बंद होतं.

वहीच्या पहिल्या पानावर खानदेशासाठी हा नियम लिहून टाका, कारण तो सगळे विसरतात. १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सियसच्या वर हवा असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. पहिल्या तासाला डीसी ५, पुढे दर तासाला एकने जास्त. नापास झाला की थकव्याची एक पायरी. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर डिसॲडव्हान्टेज. वैशाखात पात्रं भुसावळहून असीरगडाकडे निघाली असतील तर पखाली किती भरल्या ते निघायच्या आधी विचारा.